नाव टॅक्सीचे, मीटर मात्र गायब

ॲपवरून मागवलेल्या गाडीला आपण सर्रास टॅक्सी म्हणतो. शब्दाच्या हिशेबाने मात्र तिच्यात टॅक्सीपणाची खूण उरलेली नाही, आणि या सेवेविषयीची माझी मुख्य तक्रारही तीच आहे.

‘टॅक्सी’ हे मुळात गाडीचे नव्हे, यंत्राचे नाव. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘टॅक्सा’ म्हणजे आकारणी. आपला नावडता ‘टॅक्स’ही त्याच घराण्यातला. त्याला ‘मीटर’ जोडून जर्मनीत ‘टॅक्सामीटर’ झाला आणि फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत ‘टॅक्सीमीटर’ बनला. विल्हेल्म ब्रून यांनी 1891 साली हे यंत्र तयार केले, 1897 मध्ये श्टुटगार्टच्या फ्रीड्रिश ग्रायनर यांनी डाइमलरची मीटर लावलेली मोटार भाड्याने फिरवायला घेतली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ‘टॅक्सीमीटर कॅब’ या लांबलचक नावातली केवळ ‘टॅक्सी’ लोकांच्या तोंडी राहिली. ‘कॅब’ तर ‘कॅब्रिओले’ या हलक्या दुचाकी घोडागाडीवरून आला, आणि त्या नावाच्या मुळाशी आहे शेळीची उडी. काही भाड्याच्या गाड्यांच्या मागच्या आसनावर बसले की हे नाव अद्याप सार्थ वाटते.

मीटरचे काम सरळ होते. गाडी धावत असताना तो अंतर मोजी आणि वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की वेळ मोजू लागे. दर आधीच जाहीर असे आणि आकडा चालक व प्रवासी या दोघांच्याही डोळ्यांसमोर बदले. ॲप मात्र अंतर, अंदाजे वेळ आणि त्या क्षणाची मागणी यांची सांगड घालून गाडी येण्यापूर्वीच एक रक्कम दाखवते. ही सोय मोठी आहे, हे मान्यच केले पाहिजे: घासाघीस नाही, मार्ग नकाशावर दिसतो, रात्री एकट्याने प्रवास करताना घरच्यांना गाडीचा ठावठिकाणा कळवता येतो, आणि पावती आपोआप मिळते. अनोळखी शहरात तर मीटरपेक्षा हीच पद्धत मला अधिक भरवशाची वाटते, कारण लांबच्या रस्त्याने फिरवले जाण्याची धास्ती उरत नाही.

परंतु त्याच अंतरासाठी थोड्या वेळाने पुन्हा विचारले तर रक्कम बदललेली असते, आणि ती का वाढली याचे ‘मागणी जास्त आहे’ यापलीकडे स्पष्टीकरण मिळत नाही. मागणी किती जास्त आणि त्यापायी मूळ भाड्यात किती भर पडली, हे दोन आकडे गाडी नक्की करण्याआधीच पडद्यावर दिसले, तर या सेवेला पाचपैकी चार तारे द्यायला माझी हरकत नाही, तूर्त तीनच.