ओपनस्ट्रीटमॅप: दोन वर्षं वापरून झाल्यावर, नागपूरहून

आमच्या लेआउटमध्ये पार्सलवाला यायचा अन् दर वेळी मागच्या गल्लीतून फोन, "दादा, पाणीटंकीवर उभा आहे, आता कुठे?" आता पाणीटंक्या आहेत दोन, त्याला काय सांगणार. वैतागून मीच ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडलं आणि गल्ल्या काढत बसलो. पार्सलवाल्याला काडीचा फरक पडला नाही, तो दुसराच नकाशा वापरते, पण मला मात्र नाद लागला.

हा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केला, विकिपीडियासारखाच, कोणीही यावं अन् दुरुस्त करावं. ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन नावाची संस्था सर्व्हर सांभाळते, पण आत काय भरायचं ते आपलं आपण. ब्राउझरमध्ये आयडी एडिटर उघडायचा, रेघ ओढायची, टॅग लावायचा (म्हणजे ते काय आहे त्याची चिठ्ठी: रस्ता, दुकान, नाव), सेव्ह. परवानगी कोणाचीच लागत नाही. पहिल्या आठवड्यात तर मी राजाच झालो होतो.

टॅगसुद्धा मनाचे चालतात, ठरलेल्या यादीतलेच पाहिजे असं नाही. मी एका ठेल्याला खाण्याच्या प्रकारात थेट "तर्री पोहा" लिहिलं, कोणी अडवलं नाही. फक्त ॲपमध्ये शोधलं तर ठेला सापडेचना, कारण तो शब्द जगात मी एकट्यानेच लिहून ठेवलेला! मग बाकीचे लोक काय लिहून राहिले ते ओपनस्ट्रीटमॅपच्याच माहितीच्या विकीवर पाहिलं, नेहमीचा फास्ट फूडवाला टॅग लावला आणि तर्री गेली वर्णनात. म्हणजे सूट पूर्ण आहे बाप्पा, पण चार लोकांचा शब्द वापरला तरच आपला ठेला दुसऱ्याला दिसते.

खरी मजा चौकावरून झाली. पाटीवर एका मोठ्या माणसाचं नाव, पण ते कोणी घेत नाही, अख्खी वस्ती म्हणते पाणीटंकी चौक. मी तेच मुख्य नाव टाकलं. दोन दिवसांत कोणीतरी पाटीवालं नाव परत आणलं, मी पुन्हा बदललं, त्यांनी पुन्हा, असं तीनदा चाललं आणि मग त्यांनी माझ्या बदलाखाली लिहिलं, "तुमचं बरोबर आहे, पण पाटी वाचून येणाऱ्या माणसाने काय करावं?" तोवर मी भांडायच्याच मूडमध्ये होतो, पण ह्याला उत्तर नव्हतं. शेवटी पाटीचं नाव मुख्य, बोलीतलं नाव पर्यायी नावाच्या टॅगमध्ये आणि मराठीसाठी वेगळा टॅग. आता कोणतंही टाका, चौक सापडते.

एक चूक माझीच, सांगून टाकतो. बर्डीकडची, म्हणजे सीताबर्डी बाजारातली, काही दुकानं मी घरबसल्या दुसऱ्या नकाशावरून पाहून उतरवली आणि सोर्समध्ये प्रामाणिकपणे तसं लिहिलंसुद्धा! सगळं काढलं गेलं. कॉपीराइटवाल्या नकाशातून उचलायचं नाही, हा एक नियम इथे खरंच कडक आहे आणि असायलाच पाहिजे, नाहीतर सगळ्यांचीच मेहनत गोत्यात. दुसरं म्हणजे कोणाच्या घरावर राहणाऱ्याचं नाव टाकायचं नाही. बाकी काही बिघडलं तर इतिहास असतोच, कोणी कधी काय बदललं ते दिसते आणि उलटवता येते.

ऑर्गॅनिक मॅप्स ह्या ॲपमध्ये हाच डेटा नेटशिवाय चालते, गावाकडे जाताना मस्त. नकाशात भर घालायचं स्ट्रीटकम्प्लीट ॲप तर नवीन माणसाला हमखास सांगीन, रस्ता डांबरी की सिमेंटचा असे साधे प्रश्न विचारते, टॅगची कटकट नाही. पण उत्तरं द्यायला गल्लोगल्ली फिरावं लागते, म्हणून मे महिन्याच्या उन्हात सकाळी सातच्या आत निघा. ट्रॅफिक पाहिजे असेल तर हे तुमच्या कामाचं नाही, आणि दुकानांच्या वेळा जिथे कोणी भरल्या तिथेच असतात, आमच्याकडे अजून अर्ध्या बाकी आहेत, त्यात माझा आळस पण आला.

पाचपैकी चार.

सध्या एक शेजारी मागे लागला आहे की नाग नदीला सगळे नाला म्हणतात तर नकाशावर पण नालाच कर. म्हटलं काका, नागपूरचं नाव त्याच नदीवरून पडलं, तुम्हीच खातं उघडा अन् करून पाहा, कोण सोडते ते बघू.