गावाचा फोटो-नकाशा करायचाय? विकिमीडिया कॉमन्सचं ॲप कसं वाटलं

गोवा टाकून फोटो शोधले की काय येतं ते सगळ्यांना माहितेय. बागा, कळंगुट, जुन्या गोव्याची चर्च, फार तर मंगेशीची दीपमाळ. आमच्या माशेल-कुंभारजुवे बाजूचं काही हवं असेल तर चिखलकाल्याचे (चिखलात खेळायचा आमचा सण) ठरावीक फोटो आणि बास. म्हणून वाड्यावरच्या पोरांनी मिळून गावाचे फोटो लोकेशनसकट टाकायचं ठरवलं आणि त्यासाठी विकिमीडिया कॉमन्सचं ॲप घेतलं. आता बरंच वापरून झालंय म्हणून लिहितोय.

कॉमन्स म्हणजे विकिपीडियाचं फोटोंचं कोठार, २००४ पासून चालू आहे. फुकट, जाहिराती नाहीत, विकिपीडियाचं खातं असेल तर त्याच लॉगिनने चालतं. ॲप अँड्रॉइडवर आहे, आयफोनवाल्यांनी सरळ ब्राउझरमधून अपलोड करावं. यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे जवळपासच्या जागांचा नकाशा, आपण उभे आहोत तिथल्या देवळं, चर्च, शाळा असल्या जागा पिन होऊन दिसतात आणि कशाकशाला अजून फोटोच नाही तेही कळतं. आपल्याच गावाचे रिकामे पिन बघून पोरं अशी पेटतात ना, विचारू नका!

पण तिथे दिसतं ते विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या सोबतच्या माहितीच्या कोठारात, नोंद असलेलंच. राखणदाराची (गाव राखणाऱ्या देवाची) घुमटी म्हणजे छोटं देऊळ, तळी, पोदेर म्हणजे पाववाला सकाळी सायकल टेकवतो ती जागा, हे तिथे कुठून असणार, त्यामुळे नुसत्या पिनांच्या मागे लागलात तर गावात देवळं सोडून काही नाहीच असा नकाशा होईल. पिन नसलेल्या जागेचा फोटोही टाकता येतो, तोच जास्त टाका असं माझं मत.

लोकेशनचं एक नीट समजून घ्या. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोच्या फाईलमध्येच बसतात. पण तोच फोटो नेहमीसारखा व्हॉट्सॲपवरून पाठवला की ते गळून पडतात, म्हणून ग्रुपवर मागवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणि कुळागरात (बागायतीत) तर मजाच, माडापोफळींच्या दाट सावलीत जीपीएस भरकटतं, घुमटी इकडे आणि पिन थेट शेजाऱ्याच्या मिरवेलीत. ॲपमध्ये नकाशा मोठा करून पिन हाताने सरकवता येतो, तो कंटाळा करू नका, नाहीतर जागेवरून भांडणं लागायची (आमच्याकडे त्याला निमित्त लागत नाही).

अजून एक, फोनमधलं लोकेशन हे फोटो काढणारा कुठे उभा होता त्याचं असतं, समोरच्या वस्तूचं नाही. गणपतीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड असतो, होड्या जोडून त्यावर सोंगं घेऊन लोक खाडीत फिरतात. काठावरून काढलेल्या फोटोचा पिन काठावरच पडणार. कॉमन्सवर कॅमेऱ्याचं लोकेशन वेगळं आणि वस्तूचं वेगळं नोंदवायची सोय आहे पण सांगोडासारख्या फिरत्या गोष्टीला काठच बरा, निदान बघायला कुठे उभं राहायचं ते तरी कळतं.

खरी मेहनत कॅप्शनला आहे. फोटो काढायला सेकंद लागतो आणि कॅप्शनसाठी कोणातरी आजोबांच्या पडवीत तासभर बसावं लागतं. ‘गोवा मड फेस्टिवल’ असं लिहिलेल्या फोटोचा काय उपयोग? तोच फोटो ‘चिखलकालो, देवकीकृष्ण देवळासमोरचं मैदान, माशेल, आषाढ द्वादशी’ असा टाकला की शोधणाऱ्याला सापडतो, आणि वर्णनात देव मूळचा चोडणचा, पोर्तुगीजांच्या काळात तिथून हलवलेला हे घातलं की नकाशावरच्या दोन गावांचं नातंही कळतं. मराठी, कोकणी, इंग्रजी अशी वेगवेगळी कॅप्शन देता येतात, ती तिन्ही द्याच.

आता पटवून घ्यायची गोष्ट. इथे टाकलेला फोटो कोणीही वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा. नेहमीच्या लायसन्समध्ये तुमचं नाव द्यावं लागतं, आणि नंतर ‘नको, परत द्या’ म्हणता येत नाही. एक आजी फोटो काढताना म्हणाली, ‘हो फोटो कित्याक?’ (हा फोटो कशाला?) तेव्हा हे सगळं सांगितलं, तर म्हणाली तळीचा घे, माझा नको. बरोबरच आहे तिचं. माणसांना विचारा, राहत्या घराचं नेमकं लोकेशन टाकायच्या आधी तर नक्कीच विचारा, गाभाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. देवळाच्या भिंतीवर अलीकडे रंगवलेल्या चित्रांवर चित्रकाराचा हक्क असतो, तीही टाळलेली बरी.

तरी मला हे मोकळं लायसन्सच आवडलं. पॅनोरॅमियो आठवतंय? लोकेशनवाल्या फोटोंची केवढी मोठी साईट होती, गूगलने घेतली आणि २०१६ मध्ये बंद झाली. कॉमन्सवरच्या फोटोंची कॉपी कोणालाही करून ठेवता येते, ती शाळेने ठेवा, वाचनालयाने ठेवा.

गावाला दाखवायला मात्र ॲप पुरत नाही. कॉम्प्युटरवर गावाच्या कॅटेगरीच्या पानावर जिओग्रुप नावाचा टेम्प्लेट (पानात टाकायचा तयार कोड) लावायचा, मग त्यातले लोकेशनवाले फोटो एकत्र नकाशावर दिसायची लिंक मिळते. ती ग्रुपवर टाकली की बघा, ‘आमच्या वाड्याचं काहीच कसं नाही’ म्हणत दुसऱ्या वाड्यावरचे लोक स्वतःच फोटो घेऊन येतात.

पाचपैकी चार स्टार. फोन साधा असला तरी चालेल, पण वाड्यावरची नावं माहीत असलेलं एक म्हातारं माणूस सोबत घ्याच.