जॉर्जियन कपाट घ्यावं की एडवर्डियन 'शेरेटन'? भाच्याला दिलेलं लांबलचक उत्तर

भाच्याने मागच्या महिन्यात दोन फोटो पाठवले आणि खाली एवढंच, मावशी यातलं कुठलं घेऊ. त्याने इथे लंडनजवळ स्लाउला घर घेतलंय, बेडरूममध्ये खणांचं जुनं कपाट हवंय, आणि लिलावाच्या साइटवर त्याला दोन सापडलेली, दोन्हींच्या वर्णनात 'शेरेटन' हा शब्द, म्हणजे थॉमस शेरेटन या अठराव्या शतकातल्या फर्निचरवाल्याच्या नावाची स्टाइल. एकाचा अंदाज ३०० ते ५०० पौंड, दुसऱ्याचा ८०० ते १२००. महागवालं सोनेरी पिवळं, मधोमध फुलांचा रंगवलेला गोल, एकदम नटलेलं. स्वस्तवालं तपकिरी, साधं, जुन्या मामलेदार कचेरीत ठेवलं तर कुणी वळून बघणार नाही असं. त्याची समजूत अशी की महाग आहे म्हणजे तेच जुनं. नेमकं उलटं होतं, तपकिरी साधारण १७९० चं, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातलं, जॉर्जियन, आणि सोनेरी १९०५ च्या आसपासचं, म्हणजे एडवर्ड राजाच्या काळातलं, एडवर्डियन. हे त्याला समजावताना मेसेज इतका लांबला की म्हटलं सगळ्यांसाठीच लिहून काढावं.

आधी ही स्टाइल आली कुठून ते. रॉबर्ट ॲडम हा वास्तुशिल्पी १७५८ मध्ये इटलीहून परत आला, डोक्यात सगळे रोमन अवशेष, आणि पुढच्या वीसेक वर्षांत इंग्लंडच्या मोठ्या घरांतली वळणावळणाची नक्षी मागे पडून सरळ रेषा, कलश, फुलांच्या माळा, खाली निमुळते होत जाणारे पाय असं सगळं आलं. ॲडमचं गिऱ्हाईक म्हणजे बडी मंडळी. बाकीच्यांपर्यंत ही फॅशन गेली ती नमुन्यांच्या पुस्तकांमधून. जॉर्ज हेपलव्हाइट हा फर्निचरवाला १७८६ ला वारला आणि त्याचं पुस्तक त्याच्या बायकोने, ॲलिसने, १७८८ ला काढलं, शेरेटनचं १७९१ ते १७९४ मध्ये भागाभागाने आलं. गंमत म्हणजे हेपलव्हाइटच्या स्वतःच्या हातची म्हणून छातीठोकपणे दाखवावी अशी एक खुर्चीसुद्धा नाही, शेरेटनचंही तेच. गावोगावचे सुतार पुस्तक समोर ठेवून बनवत होते. त्यामुळे 'शेरेटन कपाट' हा शब्द आपल्या 'पेशवाई नथी'सारखा घ्यायचा, पेशव्यांच्या वाड्यातून आलेली असं कुणी समजत नाही ना, तसंच.

ढोबळ ओळख सांगायची तर ढालीच्या आकाराची पाठ, चौकोनी निमुळता पाय आणि खाली फावड्याच्या पात्यासारखं पाऊल दिसलं की लोक हेपलव्हाइट म्हणतात, आणि चौकोनी पाठ, गोल कातलेला धारीदार पाय, बारीक जडावाच्या रेघा दिसल्या की शेरेटन. पण हे फार ताणू नका, नमुने दोन्हींकडे एकमेकांत मिसळलेले आहेत आणि त्यावरून किंमत ठरत नाही. किंमत ठरते ती वस्तू त्या काळातली आहे की नंतरची यावर, आणि खरी तुलना तिथेच आहे.

नंतरची म्हणजे रिव्हायव्हल, जुनी फॅशन परत आणून नव्याने केलेली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात राइट अँड मॅन्सफिल्ड या लंडनच्या कंपनीने सॅटिनवुड या सोनेरी पिवळ्या लाकडाचं एक भलंमोठं कॅबिनेट मांडलं, मेडल मिळवलं, ते आता लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममध्ये आहे. मग ही जुनी फॅशन परत आली ती पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. एडवर्ड्स अँड रॉबर्ट्स, मेपल, वेअरिंग अँड गिलो या फर्निचर कंपन्या, सगळ्यांनी हा माल बनवला. आणि खराब नाही बनवला हं! कित्येकदा फिनिशिंग मूळ जॉर्जियन मालापेक्षा सफाईदार. त्या लोकांनी तो जुना म्हणून विकलाच नव्हता, नवीन म्हणूनच शोरूममध्ये ठेवलेला. घोळ पुढच्या शंभर वर्षांत घातला गेला.

म्हणून पहिली गोष्ट कॅटलॉगची भाषा. नुसतं 'जॉर्ज थर्ड' लिहिलं असेल तर लिलाववाला म्हणतोय की वस्तू १७६० ते १८२० मधली आहे. पुढे 'स्टाइल' शब्द लागला की संपलं, ती नंतरची. 'शेरेटन रिव्हायव्हल' आणि 'एडवर्डियन' हे प्रामाणिक शब्द आहेत. सगळ्यात बेरकी शब्द म्हणजे 'अँड लेटर', म्हणजे थोडं जुनं, थोडं नंतर कधीतरी केलेलं, आणि किती थोडं ते तुम्ही शोधा.

आता कपाट हातात आल्यावर काय बघायचं. दर्शनी भाग बघूच नका, खण बाहेर काढा, उलटा करा, मोबाइलचा टॉर्च लावा. कोपऱ्यातले डोवटेल सांधे, म्हणजे दोन फळ्यांचे दात एकमेकांत अडकवलेले, हाताने कापलेले असले तर एकसारखे नसतात, मधले दात बारीक, दोन कोपऱ्यांत थोडा फरक, सुताराने आखलेली रेघ पण कधी दिसते. सगळे दात एका मापाचे, कंगव्यासारखे दिसले तर मशीनचं काम, म्हणजे एकोणिसाव्या शतकाची अखेर किंवा त्यानंतरचं. पण उलट मात्र खरं धरू नका, चांगल्या रिव्हायव्हल दुकानांत सांधे हातानेच कापत होते, म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. मागच्या फळीवर करवतीच्या खुणा बघा, सरळ असतील तर ठीक, कमानीसारख्या गोल असतील तर गोल करवत, आणि ती जॉर्जियन कपाटाच्या मूळ फळीवर असायचं काम नाही. स्क्रू एखादा हळूच काढू दिला तर टोक बघा, जुन्या हाती स्क्रूला टोक बोथट असतं आणि डोक्यावरची खाच थोडी मध्य सोडून असते, टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. विनिअरची, म्हणजे वरून चिकटवलेल्या चांगल्या लाकडाच्या थराची, कड कुठे उडालेली असेल तर जाडी बघा, हाताने कापलेलं दीड-दोन मिलिमीटरपर्यंत जाड असतं, मशीनचं कागदासारखं पातळ.

आणि मुठी. त्या काळच्या अंडाकृती पितळी मुठी छान दिसतात म्हणून नंतर खूप कपाटांना बसवल्या गेल्या. खणाच्या आतून बघा, जास्तीची बुजवलेली भोकं दिसतील. मुठी बदलल्या म्हणून मी वस्तू सोडत नाही, निम्म्याहून जास्त कपाटांच्या बदललेल्याच भेटल्यात मला, पण आतून दोन जोड्या भोकं आणि बाहेरून एकही बुजवलेली खूण नाही असं असेल तर समोरचं विनिअरच नंतर चढवलंय, तिथून सरळ घरी जायचं.

नाव किंवा शिक्का शोधत बसू नका. पॅरिसच्या कारागिरांना शिक्का मारणं बंधनकारक होतं, इंग्लंडमध्ये तसला नियम नव्हता. लँकेस्टरच्या गिलो या फर्निचर कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस खणाच्या वरच्या कडेवर शिक्का मारायला सुरुवात केली, तो अपवाद. उलट एडवर्ड्स अँड रॉबर्ट्सचा शिक्का दिसला तर तुमचं कपाट बहुधा व्हिक्टोरियन किंवा एडवर्डियन. (अर्थात हे लोक जुना माल दुरुस्त करूनही विकायचे, म्हणून तिथेही खण उलटा करायचाच.)

मी स्वतः कशी फसले ते पण सांगते. एका छोट्या लिलावात अर्धगोल साइडबोर्ड घेतला, फोटोवरून, बघायला गेलेच नाही, पाऊस होता. घरी आल्यावर कळलं वरचा भाग एका वस्तूचा, पाय दुसऱ्याच्या, आणि मागून दहा-बारा सेंटीमीटर कापून खोली कमी केलेली, छोट्या फ्लॅटमध्ये बसावा म्हणून. इथले लोक याला 'मॅरेज' म्हणतात. आमचे हे अजून म्हणतात, लग्न न जुळलेलंच आणलंस.

तर कपाटाचा निर्णय माझ्या मते सोपा आहे, साधं जॉर्जियन महोगनी घ्या. २००० सालानंतर या तपकिरी फर्निचरचे भाव असे पडलेत की दोन-सव्वादोनशे वर्षांची वस्तू नव्या बऱ्यापैकी कपाटाच्या किमतीत मिळते, लाकूड असं की आज बाजारात मिळणार नाही, आणि साधेपणामुळे खोटं करायला कुणाला फारसा फायदा नव्हता. बनवाबनवी असते ती नटवलेल्या वस्तूंमध्ये, साध्या जुन्या कपाटावर नंतर जडाव किंवा रंगीत फुलं घालून भाव वाढवलेले बरेच सापडतात. मात्र हे गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर नका घेऊ, मी दहा वर्षांपूर्वी घेतलेलं आज विकलं तर तेवढे सुद्धा येतील का शंका आहे.

खुर्च्यांचं मात्र मी उलटं सांगेन आणि इथे बरेच जण माझ्याशी भांडतात. डायनिंगच्या सहा किंवा आठ खुर्च्या हव्या असतील तर एडवर्डियन सेट घ्या. एकतर जॉर्जियन सेट पूर्ण मिळणं अवघड, मिळाला तर महाग, आणि सहाच्या आठ करायला जुन्या खुर्च्या मोडून त्यांचे भाग वाटून घ्यायची कला इथे फार जुनी आहे. सीट उचलून चौकटीवर पटाशीने कोरलेले रोमन आकडे बघायचे, एक दोन तीन असे वेगवेगळे हवेत, सीटवरचा आणि चौकटीवरचा आकडा जुळला तर उत्तम. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या खाचेत बसवलेल्या असतील तर जुन्या कामाची खूण, तिकोनी ठोकळे स्क्रूने बसवलेले असतील तर बहुधा नंतरचं किंवा दुरुस्ती. दुसरं म्हणजे ढालीच्या पाठीची खुर्ची मुळातच नाजूक, ती ढाल सीटला टेकलेलीच नसते, मागच्या दोन पायांच्या वरच्या टोकांवर उभी असते, आणि आपल्याकडे गणपतीत जेवणावळी होतात, काका पाठीवर रेलून बसणार, पोरं खुर्ची मागच्या पायांवर झुलवणार. सव्वाशे वर्षांची खुर्ची मोडली तर वाईट वाटेल, सव्वादोनशे वर्षांची मोडली तर झोप येणार नाही.

सोनेरी सॅटिनवुडचं तेवढं वेगळं. ते मनात भरलं असेल तर एडवर्डियनच घ्यावं लागतं, कारण खरं अठराव्या शतकातलं सॅटिनवुड आपल्या खिशाबाहेर. फक्त जॉर्जियनच्या भावाने घेऊ नका.

पैशाचं एक गणित लोक विसरतात, हातोडा पडला ती किंमत शेवटची नसते, त्यावर लिलाववाल्याचं कमिशन, बहुतेक ठिकाणी २० ते ३० टक्के, वर गाडीभाडं. आणि किल्लीच्या भोकाभोवती पांढरी चकती दिसली तर विचारा हाड आहे का हस्तिदंत. हस्तिदंताच्या विक्रीवरचा इथला कायदा, आयव्हरी ॲक्ट, जून २०२२ पासून लागू झालाय, १९४७ आधीची वस्तू आणि हस्तिदंत १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर विकता येते पण विकण्याआधी नोंदणी लागते.

पुढेमागे पुण्यामुंबईला न्यायचा विचार असेल तर माझं मत, नका नेऊ. सगळे सांधे आणि विनिअर जनावरी सरसाने चिकटवलेलं असतं, कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात ते सुटायला लागतं. इथे सुद्धा रेडिएटरला लागून ठेवलं की फळी तडकते.

डोळा तयार करायचा असेल तर ऑस्टर्ली पार्क या लंडनमधल्या जुन्या हवेलीत जा, हाउन्स्लोपासून जवळ, ट्यूबच्या पिकाडिली लाइनवर, नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. ॲडमने सजवलेली खोली जशीच्या तशी, लायर या जुन्या तंतुवाद्याच्या आकाराची पाठ असलेल्या खुर्च्या आहेत, त्या काळचा फर्निचरवाला जॉन लिनेल याचं काम आहे. तिथे तासभर पायांच्या जाडीकडे नुसतं बघत बसा. रिव्हायव्हलवाल्यांचे पाय बहुतेकदा एक सूत जास्तच बारीक असतात, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

भाच्याने शेवटी तपकिरी कपाट घेतलं, ३६० ला हातोडा पडला. दुसरा खण अडकतो म्हणून परवा फोन, खालची पट्टी झिजलीय, जुन्या कपाटात ती झिजलेलीच असायला हवी. देवघरातली मेणबत्ती घास म्हटलं, चाललं.