चौदा कॅसेटी, एक पेनड्राइव्ह आणि रफीसाहेबांचा ‘श’

जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर भरून देणारं एक दुकान आमच्या कोल्हापुरात आहे, त्याबद्दल लिहितेय. पाचपैकी साडेतीन तारे. पहिल्या खेपेला एकच दिला असता.

आमचे अण्णा पेटी शिकवायचे. दिवसभर मुलांचा भूप आणि यमन, आणि रात्री जेवणं आटोपली की मोहम्मद रफी. दुसरं काही चालत नसे. टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर, त्यांनी स्वतः भरलेल्या चौदा कॅसेटी, पाठीवर बॉलपेनने नंबर आणि बारीक अक्षरात शेरे. गेल्या दिवाळीत माळा आवरताना सापडल्या. तिघींच्या फितीवर पांढरी बुरशी, दोघींच्या आतला फीत दाबून धरणारा स्पंजचा तुकडा गळून पडलेला.

दुकानाला पहिला गुण इथेच. बुरशीवाल्या तीन कॅसेटी मालकाने हात लावण्याआधीच बाजूला काढल्या. तशाच डेकमध्ये घातल्या तर बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही, म्हणाला. साध्या कॅसेटीचे २००, बुरशीवालीचे ३५०, म्हणजे सगळे मिळून ३,२५० रुपये. पेनड्राइव्ह आपला. आठ दिवस सांगितले, पाच आठवडे लावले. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर आकडा लिहून दिला.

घरी आणून पहिली ऐकली ती १२ नंबरची, मराठी गाण्यांची. श्रीकांत ठाकरे यांचं संगीत, वंदना विटणकर यांचे शब्द, ‘शोधिसी मानवा’. अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंगात जन्मलेला आणि लाहोरात गाणं शिकलेला हा माणूस ‘राउळी’तला ळ किती अलगद ठेवतो, हे ऐकवून अण्णा पेठेतल्या पोरांना झापायचे. तर पेनड्राइव्ह लावला आणि ऐकू आलं, ‘ओधिसी मानवा’. श गायब! पुन्हा लावलं. स म्हणजे नुसती हवा, आणि दोन ओळींमधला रफीसाहेबांचा श्वास तर पुसूनच टाकलेला. आवाज अगदी स्वच्छ होता, पण डोक्यावर उशी दाबून गायल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दुकानात. मालक तिशीतला पोरगा, बोलायला नम्र. “काकू, खरखर काढलीय सगळी. लोकांना तेच पाहिजे असतं.” फितीची सळसळ आणि श-स हे वरच्या पट्टीतले शेजारी. सॉफ्टवेअरने सळसळ जरा जास्त ओढून काढली की शेजाऱ्याचंही घर जातं. हे त्यानेच समजावलं, पण पैसे घेतल्यावर. म्हणून कुणी अशा दुकानात जाणार असाल तर आधी ठणकावून सांगा: साफ न केलेली मूळ फाइल पाहिजे. साफ केलेली हवी तर जोडीला द्या. मला त्याने सगळं परत भरून दिलं, जादा पैसे न घेता. एक तारा तिथे वाढला.

फाइलींच्या नावांचा मात्र सावळा गोंधळ. अण्णांनी नंबर टाकले होते ते काळाच्या क्रमाने. पहिल्या कॅसेटवर लाहोरहून १९४४ मध्ये मुंबईला आलेला कोवळा आवाज, १९४७ चं नूरजहाँसोबतचं गाणं, १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर गायलेली बापूंची कहाणी. तिसरीत संगीतकार नौशाद, १९५२ चा ‘बैजू बावरा’ आणि दरबारी रागातून तारसप्तकाच्या टोकाला जाऊन फाटू न देता परत आणलेला तो सूर. सहावीत शम्मी कपूर, ‘जंगली’. तिच्यावर अण्णांचा शेरा, “१९६१. याहूची आरोळी रफीची नाही, प्रयाग राज यांची. गाणं रफीचं.” विद्यार्थ्यांशी पैजा लावून त्यांनी यावर किती चहा उकळले असतील!

हे सगळं दुकानाने ‘रफी ०१’ ते ‘रफी १४’ करून टाकलं, तेही कॅसेटी हाताला लागल्या तशा. सातवीवर तर कहर. साठीच्या दशकात रॉयल्टीवरून लताबाईंचं आणि रफीसाहेबांचं बिनसलं, काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं बंद केलं. तेव्हाची कितीतरी द्वंद्वगीतं लताबाईंसारखाच आवाज असलेल्या सुमन कल्याणपूर यांच्या वाट्याला आली. अण्णांनी सातवी कॅसेट खास त्यांच्यासाठीच भरली होती, ‘ना ना करते प्यार’पासून ‘आजकल तेरे मेरे’पर्यंत. दुकानाने फोल्डरला नाव दिलं ‘रफी लता ड्युएट’. सुमनताईंना हे आयुष्यभर सोसावं लागलं, आता आमच्या पेनड्राइव्हवरसुद्धा! हा अर्धा तारा मी रागाने कापलाय आणि तो परत देणार नाही.

नववीच्या एका बाजूला काहीच नाही. दुकानदाराला वाटलं फीत पुसली गेली, तसं त्याने प्रामाणिकपणे कळवलंही. पुसली वगैरे काही नव्हती. १९६९ मध्ये ‘आराधना’ आला, किशोरकुमारची लाट आली आणि अण्णा रेडिओवर रुसले. ‘आराधना’तही रफीची दोन गाणी आहेत, पण त्याची आठवण त्यांना कोण करून देणार? गंमत म्हणजे त्याच किशोरकुमारला पडद्यावर रफीचा आवाज होता, ‘रागिणी’त आणि ‘शरारत’मध्ये. ती दोन्ही गाणी पाचव्या कॅसेटवर आहेत, समोर लाल शाईत उद्गारचिन्ह. दहावी कॅसेट एकदम १९७७ ला सुरू होते, ‘क्या हुआ तेरा वादा’ने. त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा अण्णांनी क्लासला सुट्टी दिली होती.

आता चौदावी. तिच्यावर गाण्यांची यादी नाही, फक्त “ऑगस्ट १९८०”. ३१ जुलैच्या रात्री रफीसाहेब मुंबईत गेले, वय अवघं ५५. दुसऱ्या दिवशी जुहूच्या कब्रस्तानात भर पावसात त्यांचा दफनविधी झाला. इकडे कोल्हापुरातही पाऊस. अण्णा रेडिओसमोर बसून एकामागून एक गाणी भरत होते. पहिल्या खेपेच्या ‘साफ’ फाइलमध्ये नुसती गाणी होती. मूळ फाइलमध्ये पत्र्यावरचा पाऊस आहे, मध्ये एकदा आईचं “अहो, दार लावा” आहे.

पण मला दुसरंच काहीतरी खटकत होतं. पेटी काढली, फोनवर मूळ गाणं लावून सूर धरला. कॅसेटवर पहिलं गाणं बरोबर, चौथं थोडं वर, शेवटची दोन जवळजवळ अर्ध्या सुराने चढलेली आणि लय घाईची. तणतणत पुन्हा दुकान गाठलं. तुमचा डेक पळतोय, म्हटलं. त्याने माझ्यासमोर दुसऱ्या कॅसेटी लावून दाखवल्या, सगळ्या सुरात. मग चौदावी कान देऊन ऐकली आणि म्हणाला, “काकू, त्या दिवशी लाइट गेली होती का? सेल उतरत गेलेत. भरताना फीत हळू फिरली, म्हणून आता वाजवताना चढी लागते.”

पावसात आमच्या गल्लीतली लाइट जायचीच. हे मला सुचायला हवं होतं, पेटीवाल्याची मुलगी मी.

त्याने एका संध्याकाळी बसून गाण्यागणिक वेग कमी करत फाइल सुरात आणून दिली. त्याचे १५० घेतले, योग्यच घेतले. एक तारा याचा. कॅसेटी मात्र परत मागून घ्या हं, मी विचारलं नसतं तर त्या भंगारात जाणार होत्या.

दोन्ही फाइली ठेवल्यात. सुरात आणलेली मुलीला पाठवली. मी ऐकते ती दुसरी. शेवटच्या गाण्यात रफीसाहेबांचा आवाज बारीक, घाईघाईचा होत जातो, पाऊस तर चढ्या लयीत ताशासारखा वाजतो, आणि अंतऱ्याच्या मध्येच खट्.