डिझेल पासाट व्हेरियंट: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

आमच्याकडे २०१७ची फोक्सवागन पासाट व्हेरियंट आहे. सेकंडहँड घेतलेली, २.० टीडीआय डिझेल इंजिन, १५० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर), सहा गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक गिअरपेटी. राहतो जर्मनीत गोपिंगेनला, स्टुटगार्टच्या पूर्वेला, आणि माझं ऑफिस लुडविग्सबुर्गकडे. रोजचं जाणं-येणं शंभरेक किलोमीटर होतं आणि त्यातला बराचसा रस्ता मोकळा, वेगाचा. हे आधीच सांगते, कारण पुढे या गाडीचं जे कौतुक येणार आहे ते सगळं या शंभर किलोमीटरवर उभं आहे. ज्यांचं ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर आहे त्यांनी ही गाडी घेऊ नये. का, ते पुढे येईलच.

आधी डिकी. इस्टेट गाडी, म्हणजे छत मागच्या टोकापर्यंत नेलेली लांब डिकीची गाडी, माणूस डिकीसाठीच घेतो. मागची सीट उभी असताना ६५० लिटर, पाडली की १,७८०. याच पासाटच्या सेडानमध्ये ५८६ लिटर मिळतात, म्हणजे कागदावर फरक फार मोठा दिसत नाही, पण सेडानच्या डिकीचं तोंडच लहान असतं. आई-बाबा पुण्याहून येतात तेव्हा माणशी दोन मोठ्या बॅगा, प्रत्येक बॅग तेवीस किलोला टेकलेली, शिवाय हातातल्या पिशव्या. फ्रँकफर्ट विमानतळाच्या पार्किंगमध्ये आमच्या शेजारी एक उंच एसयूव्ही उभी होती आणि तिच्यात बॅगा चढवणारे दोघं जण घामाघूम झाले होते. आमच्या गाडीचा डिकीचा काठ गुडघ्यापेक्षा जेमतेम वर. बाबांनी बॅग काठावर टेकवली, मागून ढकलली आणि ती सरळ आत गेली. त्यांच्या कमरेचं दुखणं जुनं आहे, म्हणून मला या एका गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. सीट पाडायच्या खटक्या डिकीतच दोन्ही बाजूंना आहेत. सायकली टाकायच्या असतील तर मागचं दार उघडून आत वाकावं लागत नाही.

इंजिनाबद्दल. १,९६८ सीसी, चार सिलिंडर, टॉर्क ३४० न्यूटन-मीटर आणि तो १,७५० आरपीएमपासूनच हाताशी. पॉवरच्या आकड्यापेक्षा हा टॉर्कचा आकडा महत्त्वाचा. ए-८ महामार्गाने म्युनिककडे जाताना मुल्हाउझेननंतर श्वेबिश आल्ब या डोंगररांगेचा (आल्प्स नव्हे) मोठा चढ लागतो. पुणे-मुंबईवाल्यांना खंडाळ्याचा घाट आठवावा असा: उजवीकडे वेगवान गाड्या इकडे नसतात, डावीकडे असतात, एवढाच फरक, ट्रक मात्र तसेच कण्हत चढत असतात. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, आणि ही पाचव्या-सहाव्या गिअरमध्येच शांतपणे चढते. आधीच्या लहान पेट्रोल गाडीत इथे इंजिनाचा आवाज वाढला की मुलं गप्प व्हायची. आता मागे गाण्याच्या भेंड्या चालू राहतात.

ॲव्हरेज विचाराल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी १२०ला क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) लावून शंभर किलोमीटरला पाच लिटरच्या आसपास, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला वीस. १५०च्या वर गेलात की साडेसहा-सात. शहरात सातच्या खाली फारसं येत नाही, हिवाळ्यात तर नाहीच. एका टाकीत हजार किलोमीटर सहज निघतात. ब्रेनरचा घाट ओलांडून इटलीतल्या गार्डा सरोवराला जाताना आम्ही घरून टाकी भरून निघालो आणि तिथल्या महाग पंपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाटेतल्या ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये बऱ्याच पट्ट्यांत हवेच्या प्रदूषणामुळे ताशी १००ची मर्यादा असते, तिथे तर ॲव्हरेज आणखी सुधारतं.

डीएसजीचं नाव काढलं की भारतातले नातेवाईक बिचकतात. त्यांच्या कानावर आलेली असते ती सात गिअरची कोरड्या क्लचची पेटी, डीक्यू-२००, जी साधारण २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या लहान इंजिनांसाठी आहे. आमच्या गाडीत आहे ती सहा गिअरची ओल्या क्लचची, डीक्यू-२५०. हिचे क्लच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे उष्णता तेल ओढून घेतं. त्याबदल्यात दर ६०,००० किलोमीटरला हे तेल आणि फिल्टर बदलावंच लागतं, आणि ते स्वस्त नाही. ट्रॅफिकमध्ये मात्र ही पेटी आणि अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल यांची जोडी सोन्याची आहे. स्टुटगार्टच्या संध्याकाळच्या कोंडीत पुढची गाडी थांबली की आपली थांबते. घरी पोचल्यावर पाय आणि डोकं दोन्ही जागेवर असतात.

आता चार किलोमीटरवाल्यांचा मुद्दा. डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर पार्टिक्युलेट फिल्टर असतो. तो भरत आला की गाडी जादा डिझेल मारून फिल्टरचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. हे काम नीट व्हायला इंजिन तापलेलं हवं आणि गाडी काही वेळ सलग पळायला हवी. हे चालू आहे असं डॅशबोर्ड सांगत नाही, पण सवयीने कळतं: सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं थांबतं, उभ्या गाडीत आरपीएमचा काटा नेहमीपेक्षा वर, हजारच्या जवळ राहतो, आणि घरी येऊन गाडी बंद केली तरी पुढचा पंखा बराच वेळ घरघरत राहतो, बॉनेटजवळून गरम, करपट वास येतो. असं दिसलं तर मी पाच-दहा मिनिटं जास्त फिरवून आणते. रोज फक्त शाळा आणि सुपरमार्केट करणाऱ्या गाडीत हे काम दर वेळी अर्धवट तुटतं, फिल्टर तुंबतो आणि तो बदलायचा खर्च चार आकडी युरोंत जातो. डिझेल इंजिन गरम व्हायलाही वेळ घेतं. जानेवारीत आमचा पहिला आठ-दहा किलोमीटरचा रस्ता थंडच असतो, म्हणून सीट गरम करायची सोय असलेलीच गाडी शोधावी.

दुसरं काम ॲडब्लूचं. हे युरियाचं ३२.५ टक्क्यांचं द्रावण. धुरात त्याचा फवारा मारला की कॅटलिस्टमध्ये नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर नायट्रोजन आणि पाण्यात होतं. डिझेलच्या झाकणाशेजारीच निळं झाकण आहे. २,४०० किलोमीटर उरले की गाडी सांगायला लागते. दुर्लक्ष केलं आणि टाकी कोरडी पडली, तर इंजिन पुन्हा चालूच होत नाही. पंपावर ट्रकच्या बाजूला ॲडब्लूचा नळ असतो, पण काही पंपांवर गाड्यांसाठी वेगळा असतो तो बरा, कारण त्याची धार कमी असते. सांडलं तर लगेच पाण्याने पुसावं. वाळल्यावर त्याचे पांढरे खडे धरतात आणि झाकणाच्या आट्यांत अडकतात. उणे अकराला ते गोठतं. टाकीत हीटर असतो म्हणून गाडीला अडचण येत नाही, पण बाहेर गॅरेजमध्ये ठेवलेला कॅन गोठू शकतो.

पैशांचं गणित इकडे नव्याने आलेल्या मराठी मंडळींना बरेचदा कोणी सांगत नाही. जर्मनीत डिझेलवर लिटरमागे ४७.०४ सेंट ऊर्जाकर आहे, पेट्रोलवर ६५.४५. त्यामुळे पंपावर डिझेल बहुतेक वेळा स्वस्त. पण गाडीच्या वार्षिक करात सरकार ते वसूल करतं: दर १०० सीसीला डिझेलसाठी साडेनऊ युरो, पेट्रोलसाठी दोन. आमच्या इंजिनाचे फक्त सीसीचेच १९० युरो झाले. दीड लिटरच्या पेट्रोलला तीस होतात. कार्बन डायऑक्साइडचा हिस्सा दोन्हीकडे वेगळा. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्याच्या हाती यातून काही उरत नाही.

आणि नियम. युरो-४, ५, ६ ही धुराच्या प्रदूषणाची युरोपातली मानकं, आकडा जितका मोठा तितकं कडक. स्टुटगार्टमध्ये २०१९पासून युरो-४ आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आली, २०२०मध्ये शहराच्या काही भागात युरो-५लाही. आमची युरो-६ असल्यामुळे अडत नाही. २०१५च्या फोक्सवागनच्या धूर-चाचणी घोटाळ्यातलं मुख्य इंजिन ईए-१८९ होतं, हे त्याच्या पुढच्या पिढीचं ईए-२८८. तरीही युरो-५ डिझेल गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून मोहात पडू नका.

बाकीचं थोडक्यात. मागे पाय ठेवायला भरपूर जागा, पण मधल्या माणसाच्या पायाशी उंच बोगदा, म्हणजे तळाचा उंचवटा, आहे. लांबच्या प्रवासात तिथे लहान मूलच बसवावं. १७ इंची चाकांवर गाडी मऊ चालते, मोठी चाकं दिसायला छान पण घेऊ नयेत. लांबी पावणेपाच मीटरहून जास्त. जुन्या इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नाक किंवा शेपूट बाहेर राहतं, आधी मोजून बघा.

पासाटची हीच पिढी भारतात ऑक्टोबर २०१७मध्ये आली, औरंगाबादला जोडली जायची, पण फक्त सेडान. इस्टेटचं आपल्याकडे कधी जमलंच नाही: १९९२ची टाटा इस्टेट, मग इंडिगो मरीना, ऑक्टाव्हिया कॉम्बी, सगळ्या आल्या आणि गेल्या. मला याचं मनापासून वाईट वाटतं. लग्नसराईत किंवा गणपतीला गावी जाणाऱ्या कुटुंबाला याहून सोयीचा आकार नाही.

सेकंडहँड बघत असाल तर तीन गोष्टी तपासा. डीएसजीचं तेल ठरल्या अंतराला बदलल्याची नोंद सर्व्हिसच्या कागदांत हवी. टायमिंग बेल्ट २,१०,००० किलोमीटरला बदलायचा असतो, तो जवळ आला असेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. आणि आधीचा मालक गाडी कुठे चालवत होता ते विचारा. शहरात फिरवलेली कमी किलोमीटरची डिझेल गाडी आणि हायवेला पळवलेली दीड लाखाची, यांत मी डोळे झाकून दुसरी घेईन. आमची तशीच आहे.