फायर डिपार्टमेंटची फुकट घर-तपासणी: 5 पैकी साडेतीन स्टार

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या ईस्ट बेच्या टेकड्यांवर राहतो, घर 1984 चं, मागे उतार आणि उतारावर मे महिन्यापासून वाळून पिवळं पडलेलं गवत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसकडचे पॅलिसेड्स आणि अल्टाडेना जळताना टीव्हीवर बघून झोप उडालेलीच होती, पुढच्याच महिन्यात राज्याने आगीच्या धोक्याचे नवे नकाशे काढले त्यात आमची गल्ली नारिंगी निघाली (लाल म्हणजे सगळ्यात वाईट, त्याच्या खालोखाल नारिंगी), वर इन्शुरन्सवाल्यांचं पत्र, घराचे फोटो पाठवा म्हणून. बायको म्हणाली गावचं फायर डिपार्टमेंट फुकट येऊन बघतं, बोलावून तर बघू. ऑनलाइन फॉर्म भरला, तीन आठवड्यांनी तारीख मिळाली.

मला वाटलेलं कोणीतरी येईल, मागच्या उताराकडे बघून गवत कापा म्हणेल आणि जाईल. आली एक तरुण मुलगी, युनिफॉर्म, हातात टॅबलेट, आणि उतार तिने बघितला सगळ्यात शेवटी!! पहिली दहा मिनिटं ती आमच्या दारातच उभी. पाडव्याचं आंब्याच्या पानांचं तोरण, जे वाळून कुरकुरीत झालं तरी आम्ही आळसाने काढलं नव्हतं, त्याच्याकडे बोट. काथ्याचं पायपुसणं, त्याच्याकडे बोट. दाराशेजारी प्लास्टिकच्या कुंडीतली तुळस, तिच्याकडे बोट आणि अगदी नम्रपणे "ही थोडी लांब नेता येईल का?" आई तेव्हा सांगलीहून आलेली, तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

मुद्दा तिने नीट समजावला. बरीच घरं समोरून ज्वाळा येऊन पेटत नाहीत, वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, हे निखारे मैलभर लांबूनही येतात आणि छताच्या पन्हळीतला पाचोळा, डेकखालची फट, पोटमाळ्याची जाळी असली जागा शोधतात. म्हणून भिंतीपासूनचे पहिले 5 फूट, त्याला झोन झिरो म्हणतात, तिथे पेटेल असं काही नको. मग 30 फुटांपर्यंत झाडंझुडपं विरळ, फांद्या जमिनीपासून 6 फूट वर, आणि 100 फुटांपर्यंत वाळलं गवत 4 इंचांच्या वर नाही. बाबा सगळं ऐकून म्हणाले, अरे ही आपल्याकडची जाळरेषाच की, आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, वनखातं जंगलात काढतं, हे घराभोवती काढतात. इतकं सोपं करून मला कुठल्याच माहितीपत्रकाने सांगितलं नव्हतं.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे व्हेंट्स, पोटमाळ्यात हवा खेळायला ठेवलेले जाळीचे झरोके. आमच्या जाळ्यांची भोकं पाव इंचाची, त्यातून निखारा आरामात पोटमाळ्यात जातो, एक अष्टमांश इंचाची धातूची जाळी लावा म्हणाली. हार्डवेअरच्या दुकानातून रोल आणला, एका शनिवारात नऊ व्हेंट्स झाले, पाठ गेली कामातून पण झालं. घराला चिकटलेलं लाकडी कुंपण म्हणजे वातच, त्याचा शेवटचा तुकडा काढून तिथे लोखंडी गेट लावा म्हणाली. दोन दिवसांत फोटोंसकट रिपोर्ट ईमेलवर, कुठलं सक्तीचं आणि कुठलं नुसता सल्ला ते वेगळं करून. झोन झिरो आमच्या तपासणीच्या वेळी सल्ल्यातच होता, कायदा 2020 चा पण नियम ठरवण्याचं घोंगडं राज्याने वर्षानुवर्षं भिजत ठेवलं. ईस्ट बेमधल्याच बर्कली शहराने वाट न बघता 2025 मध्ये टेकडीवरच्या काही भागांत स्वतःच सक्ती केली.

इथपर्यंत पाच स्टार. दीड स्टार कुठे गेला ते आता.

एक, छाटलेल्या फांद्यांचा भुगा करून न्यायला येणारं चिपर मशीन. छाटणी लगेच करा म्हणतात, चिपरची तारीख मात्र सहा आठवड्यांनंतरची. म्हणजे ऐन जुलैत वाळलेल्या फांद्यांचा हा ढीग माझ्याच घरासमोर. फोन केला तर म्हणे ताडपत्री टाका. ताडपत्री!

दोन, तपासणी माझ्या कुंपणापाशी संपते. शेजाऱ्यांचं जुनिपर आमच्या बेडरूमच्या भिंतीपासून चार फुटांवर, तेलकट झुडूप, भडकायला वेळ लागत नाही, पण त्यांनी बोलावल्याशिवाय तपासणी होणार नाही. बरं खालचा अर्धा उतार गावाच्याच मालकीचा, तिथलं गवत माझ्या कमरेएवढं. नंतर जूनमध्ये शेळ्या आल्या चरायला, दोनेकशे असतील, चार दिवसांत उतार साफ, आई रोज चहा घेऊन गॅलरीत. शेळ्यांना माझे वेगळे पाच स्टार. पण गवत मेमध्येच वाळतं हो.

तीन, आमची एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी. फायरवाले म्हणतात लोखंडी गेट, एचओए म्हणते सगळ्यांची कुंपणं रेडवूडचीच दिसली पाहिजेत. दोघांनी एकदा एका टेबलावर बसायला काय हरकत आहे? मी तीन महिने इकडचा ईमेल तिकडे पाठवतोय.

पैशाचं म्हणाल तर बे एरियातल्याच मरिन काउंटीने (काउंटी म्हणजे जिल्हा) 2020 मध्ये मतदान घेऊन बांधकामाच्या दर चौरस फुटाला 10 सेंट कर लावला, त्यातून तपासणी, चिपर, रस्त्याकडेची सफाई सगळं एका छत्राखाली. ओकलंडला 1991 च्या आगीत 25 माणसं गेली, तिथेही टेकडीवाल्यांनी 2024 मध्ये घरामागे वर्षाला 99 डॉलर मंजूर केले. आमच्याकडे असा वेगळा निधी नाही, तीन इन्स्पेक्टर आणि अख्खं गाव. म्हणून त्या मुलीवर माझा राग नाही, तिने तर ठरलेल्या अर्ध्या तासाऐवजी सव्वा तास दिला.

इन्शुरन्सला रिपोर्ट पाठवला, अशा कामांसाठी सूट देणं कंपन्यांना बंधनकारक आहे, मिळाली पण, दोनदा बाहेर जेवलो की संपेल एवढी. पॉलिसी रिन्यू झाली हेच खूप. पलीकडच्या गल्लीत एकांनी घर विकायला काढलं तर त्यांना हीच तपासणी घाईघाईत करून घ्यावी लागली, लाल-नारिंगी पट्ट्यात विकताना 2021 पासून कागद लागतो, तेव्हा विकायचा विचार असेल तर आधीच बोलवा.

बुकिंग फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, चिपरची तारीख त्याच दिवशी मागून घ्या आणि मगच कात्रीला हात लावा. तुळस आता मातीच्या कुंडीत, अंगणात सात फुटांवर आहे. आई व्हिडिओ कॉलवर आधी तिला बघते, मग मला.