मगवर सुसाचे धनुर्धारी की पर्सेपोलिसचा सिंह?

इराणी राजवाड्यांतली शिल्पं छापलेल्या भेटवस्तूंत हे दोन नमुने सर्रास दिसतात. माझं मत सरळ आहे: कॉफीचा मग द्यायचा असेल तर सुसा.

प्राचीन इराणचा सम्राट पहिला दारयवहू (डरायस) याच्या सुसा इथल्या राजवाड्यातले हे धनुर्धारी इ.स.पू. 510च्या सुमाराचे, आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहेत. झिलईच्या विटांतलं हे काम मुळातच रंगीत. पिवळ्या-पांढऱ्या झग्यांवर फुलं, काहींवर बारीक चौकटीत बुरूज. दोन्ही हातांत धरलेला उभा भाला, खांद्यावर धनुष्य आणि भाता. विटा साच्यातल्या, त्यामुळे तेच शिपाई एकामागून एक येतात. गोल मगवर ही रांग छान फिरते, शिवण कुठे पडली ते कळतही नाही. झिलई झिलईवरच उतरली म्हणायची.

पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीतल्या अपादाना नावाच्या दरबारमंडपाच्या जिन्यावरचा, बैलावर झेपावणारा सिंह मात्र करड्या चुनखडीत कोरलेला. कधीकाळी या शिल्पांना रंगही होता, आज खेळ सगळा उठाव आणि सावलीचा. तो सपाट छापला की फोटोकॉपीच वाटते. शिवाय जिन्याच्या उताराशेजारच्या तिकोनी जागेत तो बसवलेला. चौकोनी कोस्टरवर निम्मा बैल कापला जातो. ओतीव, उठावाची भिंतीवरची पट्टी मिळाली तर गोष्ट वेगळी, तिथे सिंह बाजी मारतो. पारशी स्नेह्यांच्या घरी द्यायला तीच बरी. पण ती महाग पडते आणि खाचांत धूळ बसते.